उघडतं तेवढंच दाखव

आधी एक करार करू. मी लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथालयात कामाला आहे, पण गावात मला ओळखतात ते थापाड्या म्हणून. तेव्हा या लिखाणात जिथं भाकरीचा, अंतराचा किंवा माझ्या पराक्रमाचा आकडा येईल, तिथं तो निम्मा करून वाचा. जिथं भीती येईल तिथं दुप्पट करा, कारण ती मी लाजून कमी लिहिली आहे.

हे ज्याच्या हातात आजच रिपोर्ट पडलाय आणि जो आता एखाद्या कम्प्युटरपुढं जाऊन बसणार आहे, त्याच्यासाठी आहे. बस बाबा. मलाही कुणी अडवू शकलं नव्हतं. फक्त आधी एवढं वाचून जा.

रक्तानं मारलेली थाप

मी दर वर्षी कॉलेजातल्या शिबिरात रक्त द्यायचो. इतकं दिलंय, की अर्ध्या लातूरच्या अंगात माझ्याच थापा फिरत असतील. त्या वर्षी मात्र बोटाला सुई टोचून बघणाऱ्या बाईनं मला खुर्चीतून उठवलं. म्हणाली, "काका, तुमच्यातच कमी हाय. तुम्ही घ्यायचं का द्यायचं?" सगळे हसले. मीही हसलो आणि बिस्किटाचा पुडा तेवढा उचलून आणला.

खरं तर दोन महिन्यांपासून काहीतरी बिनसलं होतं. सहा भाकरी खाणारा माणूस मी, दीड भाकरीतच पोट फुगायचं. डाव्या बरगडीखाली कुणी जातं ठेवल्यासारखं जड वाटायचं. आमच्या बायकोनं, शकुंतलेनं, हात लावून बघितलं आणि म्हणाली, "पानथरी वाढल्यावानी लागतंय. रक्त तपासून घ्या." पानथरी म्हणजे प्लीहा. शकुंतला अंगणवाडी सेविका आहे. लेकरांची वजनं घेऊन घेऊन तिचा हातच वजनकाटा झालाय.

लॅबवाल्यानं माझं रक्त तीनदा घेतलं. दुसऱ्यांदा घेताना म्हणाला, "मशीन चुकली असंल." तिसऱ्यांदा तो नुसतं टेबलावरचं पेन सरळ करत बसला. पांढऱ्या पेशी जितक्या असायला पाहिजेत त्याच्या वीसपटीनं निघाल्या होत्या. मी म्हणालो, "माझंच रक्त हाय ते, वाढवून सांगत असंल." तो हसला नाही. माझ्या विनोदावर लातुरात कुणी हसलं नाही असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं, आणि मला घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात आमचा शिपाई नागनाथ चहा घेऊन आला. तेवीस वर्षांपासूनचा दोस्त. त्याला सांगितलं, "नागनाथ, माझ्या रक्तात कॅन्सर हाय म्हणून राहिलेत."

त्यानं कपात चहा ओतला. "हाव का बप्पा? मागल्या साली तुमच्या पायाला साप चावून साप मेला होता."

"खरं सांगून राहिलो."

"मंग सापाचंबी खरंच होतं," तो म्हणाला आणि हसत दुसऱ्या टेबलाकडं गेला.

जन्मभर पेरलेलं असं उगवलं. त्यानंतर मी घराबाहेर कुणालाच सांगितलं नाही.

देवणीचा बैल

रक्ताच्या आजाराच्या डॉक्टर नांदेडला. माझी बहीणही तिथंच राहते, म्हणून तिकडं गेलो. शकुंतला सोबत होती. दवाखान्याच्या बाकावर नंबर लागायची वाट बघताना मी समोरच्या भिंतीवरच्या फरश्या मोजल्या. मग उभ्या मोजल्या, मग तिरक्या. माझ्या शेजारी मुखेडच्या एक मावशी स्टीलचा डबा मांडीवर धरून बसल्या होत्या. त्यांनी डबा उघडून माझ्यापुढं धरला. "घ्या, धपाटं हाय. भ्यालेल्या माणसानं रिकाम्या पोटी बसू नये." मी भ्यालो आहे हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

तपासणीसाठी कमरेमागच्या, पुट्ठ्याच्या हाडातून मगज, म्हणजे आतला गर, काढायचा होता. पालथं झोपवलं. देगलूरकडची एक सिस्टर माझे पाय धरून उभी राहिली. म्हणाली, "हलायचं नाही काका. काहीतरी बोलत राहा."

बोलायला सांगितलं म्हटल्यावर मला काय लागतं. मी सुरू केलं. "आमच्या पाव्हण्याचा एक देवणी बैल होता. बाजारातून पळाला आन् उदगीरच्या स्टँडवर येष्टीत चढून बसला. कंडक्टर म्हणाला, पूर्ण तिकीट का अर्धं? बैलानं..."

तेवढ्यात सुई हाडात गेली. दुखण्याचं वर्णन मी करणार नाही. दुखतं, आणि संपतं. पण त्या क्षणी माझ्या आतला बोलणाराच गप्प झाला. गोष्ट अर्ध्यावर राहिली. सिस्टर विचारत राहिली, "मग? बैलाचं काय झालं?" मला पुढचं आठवेना. मीच रचलेली गोष्ट, आणि मलाच आठवेना.

डॉक्टर मॅडम माझ्याहून कितीतरी लहान. त्यांनी कागदावर आजाराचं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, "काका, मला वाटतोय तोच आजार निघाला, तर त्याला गोळी आहे. रोज एक, आयुष्यभर. दहा दिवसांनी, गुरुवारी, रिपोर्ट घ्यायला या, त्याच दिवशी सुरू करू. तोवर पेशी खाली आणायला या साध्या गोळ्या घ्या. आणि मोबाइलवर आजाराचं नाव टाकून बघत बसू नका. काय करता तुम्ही?"

"ग्रंथालयात हाय."

"मग तर अजिबात बघू नका."

त्या हसून बोलल्या. तिथंच मी फसलो. सगळं आयुष्य मी हसून खोटं बोलत आलोय. कुणाच्या घरी वाईट बातमी असली की मीच आधी जाऊन 'काही न्हाई, दोन दिसांत बरं' म्हणणार. त्यामुळं मॅडमचं हसणं बघून मला वाटलं, ही आपल्याच जातकुळीतली. आणि आयुष्यभर म्हणजे किती, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

शोध

मोबाइलवर बघितलं नाही. कॉलेजातल्या कम्प्युटरवर बघितलं.

आता माझा खरा पराक्रम सांगतो. जगभरातल्या संशोधनाचे लेख एकत्र भरून ठेवलेलं एक कोठार इंटरनेटवर असतं. कॉलेज त्याची वर्गणी भरतं आणि त्याच्या चाव्या माझ्याकडं. कोणता शब्द टाकायचा, कोणते दोन शब्द जोडायचे, कोणता वगळायचा, हे मला बाजरी पाखडल्यासारखं येतं. लातुरातल्या शंभर पीएचड्या माझ्या बोटांतून गेल्यात. गुगलवर काय कुणीही शोधतं. ती चहाची टपरी, कोणीही येऊन काहीही बोलतं. माझं कोठार म्हणजे कोर्ट. तिथं लिहिलंय ते खरं.

त्या कोठाराच्या शोधाच्या पानावर डाव्या बाजूला एक बारीक चौकट आहे. तिच्यापुढं इंग्रजीत जे लिहिलंय त्याचा अर्थ, आपल्याला उघडतं तेवढंच दाखव. आमच्या कॉलेजनं जुन्या अंकांचा साठा तेवढा घेतलाय. नवे लेख यादीत दिसतात, पण त्यांच्यापुढं कुलपाचं चित्र असतं. इतिहासाचे आमचे एक सर असं कुलूप दिसलं की मला घरी फोन करायचे, "बप्पा, किल्ली घेऊन या." जेवू देईनात. शेवटी वैतागून मी त्या चौकटीत बरोबरची खूण करून टाकली. कुलपं दिसायची बंद झाली, फोन बंद झाले, सर खूश. कित्येक वर्षं झाली त्याला. खूण तिथंच होती. मी विसरून गेलो होतो.

ग्रंथालयात कुणी नसताना दुपारी बसलो. मॅडमनी कागदावर लिहिलेलं नाव टाकलं. तीनदा चुकीचं टाइप झालं.

यादी आली. पहिला लेख उघडला. माझं इंग्रजी कामापुरतं, पण काही शब्द समजायला इंग्रजी लागत नाही. सगळे रुग्ण एका तक्त्यात ओळीनं मांडलेले. वय, लिंग, आणि शेवटच्या रकान्यात एकच इंग्रजी शब्द, वरपासून खालपर्यंत, एकाखाली एक. मेला. मेला. मेला. खाली एक 'जिवंत' होता. त्याच्यापुढं चांदणी होती. चांदणीचा अर्थ पानाच्या तळाला दिला होता: लेख छापायला जाईपर्यंत तोही गेला.

दुसरा उघडला. तिसरा. सगळ्यांचं म्हणणं एकच. थोडी वर्षं बरी जातात, मग आजार एकदम उसळतो, मग काही चालत नाही.

मी शब्द उलटे करून शोधले. एकवचनी शोधले, अनेकवचनी शोधले. 'बरा झाला' हा शब्द जोडून शोधला. देवळाचं दार बंद असलं की माणूस मागच्या बाजूनं जाऊन बघतो ना, तसं. सगळीकडून तेच दार.

आठवडाभर रोज दुपारी मी तिथं जाऊन बसत होतो. सतरा लेख वाचले. हा आकडा खरा आहे, कारण ते मी छापून घेतले होते. रस्त्यानं जाताना मला माणसं दिसायची बंद झाली, रकाने दिसायचे. वय अमुक, लिंग पुरुष. आंघोळ करताना बरगडीखाली हात लागला की तो हात मी झटकून मागं घ्यायचो, जसं काही आत झोपलेलं कुणीतरी जागं होईल. जेवताना शकुंतला म्हणायची, "अवो, आज काहीच सांगून न राहिलात?" मी म्हणायचो, "घसा बसलाय."

दोन वाक्यं

गुरुवार आला. त्या दिवशी अंगणवाडीत लेकरांची वजनं होती. मी शकुंतलेला म्हणालो, मी एकटाच जाऊन येतो, रिपोर्ट तर घ्यायचा. नांदेडच्या गाडीत बसलो. अहमदपूरला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, मीही उतरलो. गाडी सुटताना कंडक्टरनं हाक मारली. मी दुसरीकडं बघितलं.

रिपोर्टमध्ये काय आहे ते मला माहीत होतं ना. सतरा जागी छापून आलं होतं. मग ते परत त्या हसऱ्या मॅडमच्या तोंडून कशाला ऐकायचं? जोवर ऐकलं नाही तोवर मी तक्त्यात नव्हतो.

अहमदपूरच्या स्टँडवर पाच तास बसलो. मोबाइलवर नांदेडचा नंबर तीनदा वाजला. मग मी फोनच बंद केला. दहा दिवसांच्या साध्या गोळ्या होत्या, त्या सकाळीच संपल्या होत्या. रिकामं पाकीट खिशात होतं. एखादी राहिली असेल म्हणून ते मी परत परत चाचपून बघायचो. समोरून उदगीर, देगलूर, मुखेड, सगळ्या गावच्या गाड्या जात होत्या आणि मला एकही गाव असं सुचेना जिथं गेल्यावर ही भीती सोबत येणार नाही.

घरी येऊन सांगितलं, "रिपोर्ट चांगला हाय. गोळी लागणार न्हाई."

शकुंतला माझ्याकडं बघत राहिली. मग पाणी आणून दिलं.

पाकिटावरची तारीख

पुढच्या आठवड्यात बुधवारी, दिवेलागणीच्या आधी, मी घरी आलो तर ती ओसरीत बसली होती. पुढं अंगणवाडीची पोषण आहाराची पाकिटं, आणि त्यांच्या शेजारी माझे छापलेले कागद. माझ्या पिशवीच्या तळातून काढलेले. तिनं ते सारखे करून ठेवले होते, पाकिटांसारखेच, एकावर एक.

"तुम्ही त्या दिवशी नांदेडला गेला न्हाईत," ती म्हणाली.

"कोण म्हणलं?"

"तुम्हीच. खोटं सांगायला तुम्हाला तासभर लागतो. डॉक्टरीण काय म्हणली, तिच्या टेबलावर काय होतं, येताना कोण भेटलं. त्या दिशी दोन वाक्यांत उरकलं. आठ दिस मी बघून राहिले, तिसरं वाक्य येतंय का."

मी खाली बसलो. आणि सगळं सांगितलं. तक्ते, चांदणी, अहमदपूर. बोलता बोलता दात वाजायला लागले. ती माझी लग्नाची बायको, सव्वीस वर्षांच्या संसाराची, आणि तिच्यापुढं मी पहिल्यांदा एकही शब्द न वाढवता बोललो. ती रडली नाही. तिनं चष्मा लावला आणि वरचा कागद उचलला.

तिला इंग्रजी येत नाही. आकडे येतात. अंगणवाडीत पाकीट आलं की ती आधी उलटं करते आणि तारीख बघते, मग सही. एकदा मुदत उलटलेला अख्खा माल तिनं गाडीतून खाली उतरू दिला नव्हता. ड्रायव्हर दोन तास भांडत होता.

तिनं माझा कागद उलटा केला, मग सुलटा केला, मग कडेच्या बारीक अक्षरावर बोट ठेवलं.

"हे कवा छापलंय?"

"काय की."

"काय की म्हणजे? एकोणीसशे सत्तर दिसतंय. माझा जन्म बी नव्हता तवा." दुसरा उचलला. "ह्यो बी." तिसरा. "ह्यो आपल्या लग्नाच्या आधीचा." सतराच्या सतरा तिनं बघितले. एकही नव्या शतकातला नव्हता.

इतिहासाच्या सरांना लेख जितका जुना तितका गोड. वर्ष बघायची सवयच मला नव्हती. मी बघायचो ते एकच, उघडतंय का.

"असं पाकीट माझ्याकडं आलं असतं," ती म्हणाली, "तर मी लेकरांना खाऊ घातलं असतं का? आन् तुम्ही आठ दिस हेच खाऊन राहिलात."

कुलपं

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासोबत ग्रंथालयात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नागनाथनं तिला बघितलं, मग माझा चेहरा बघितला, आणि त्याच्या हातातला चहाचा ट्रे तिथंच टेबलावर ठेवला. त्याला तेव्हा समजलं की सापाचं खोटं होतं आणि हे खरं आहे. दारात जाऊन उभा राहिला आणि कुणाला आत येऊ दिलं नाही.

मी तीच यादी काढली. शकुंतला म्हणाली, "हे एवढंच असतं का?"

तेव्हा मला ती चौकट दिसली. कित्येक वर्षं डोळ्यांसमोर असलेली. मी खूण काढली.

यादी इतकी लांबली की पान खाली सरकता सरकेना. आणि पानभर कुलपं. एकाखाली एक, एकाखाली एक. सगळी नवी माणसं, नवे लेख, आणि एकही आम्हाला उघडणारा नाही. पण कुलूप असलं तरी लेखाचा सारांश दारावर लावलेला असतो, पाच-सहा ओळींचा. मी ते वाचायला लागलो. पहिल्यात गोळी हा शब्द होता. दुसऱ्यात गोळी. तिसऱ्यात लिहिलं होतं की एवढी वर्षं गोळी घेतलेल्यांचं पुढं काय झालं. पुढं. त्या सतरा लेखांत कुणालाच पुढं नव्हतं.

"काय लिवलंय?" शकुंतलेनं विचारलं.

"गोळी," मी म्हणालो. नागनाथ दारातून म्हणाला, "वैनी, मी गाडी बघून येतो. नांदेडची सव्वादहाची हाय."

बैलाचं काय झालं

भीती संपली असं समजू नका. गाडीत ती उलट वाढली. आता एक नवीनच होती: औषध होतं आणि मी आठ दिवस असेच घालवले. अहमदपूर आलं तेव्हा शकुंतलेनं माझं मनगट धरलं आणि गाडी सुटेपर्यंत सोडलं नाही.

मॅडम चिडल्या होत्या. फार मोठ्यानं नाही, पण चिडल्या. रक्त परत घेतलं. पेशी पुन्हा चढल्या होत्या. "आजार अजून पहिल्या पायरीवर आहे," म्हणाल्या, "हे तुमचं नशीब. असं परत करायचं नाही. का आला नाहीत?"

मी पिशवीतून ते कागद काढून टेबलावर ठेवले. त्यांनी दोन-तीन चाळले. राग उतरला.

"काका, यात खोटं काही नाही. हे तेव्हाचं खरं आहे. तेव्हा ही गोळी नव्हती."

मला वाटलं होतं, हे ऐकून मी उड्या मारीन. पण मला तो तक्ता आठवला. ओळीनं मांडलेली माणसं. वय अमुक, लिंग पुरुष. ती चांदणीवाली व्यक्ती. मी त्यांच्यात आठ दिवस राहून आलो होतो, पाहुण्यासारखा, आणि आता मला गाडी मिळाली म्हणून उठून चाललो होतो. त्यांना मिळाली नव्हती. मी तिथं खुर्चीत बसून रडलो, कोण कुठल्या परदेशातल्या, कधीच्या गेलेल्या माणसांसाठी. मॅडमना वाटलं मी घाबरलोय. तेही होतंच.

बाहेर आलो तर ती देगलूरची सिस्टर. मला बघून थांबली. "काका, बैलाचं काय झालं ते सांगितलंच नाही तुम्ही."

मी डोळे पुसले. "बैल म्हणाला, अर्धं तिकीट दे, मी उभा राहून येतो."

ती खूप हसली. बाकाकडं बघून मला धपाटं देणाऱ्या मुखेडच्या मावशींची आठवण आली. त्या त्या दिवशी दिसल्या नाहीत. पुन्हा कधीच दिसल्या नाहीत. मी विचारलं नाही.

मुदत

तुला शोधू नकोस असं मी म्हणणार नाही. शोध. पण वर्ष बघ. आणि तुला जे दिसतंय ते सगळं आहे, का फक्त उघडतं तेवढंच, हे कुणाला तरी विचार. तुझ्या घरी अंगणवाडी सेविका असेल तर उत्तम.

मला गोळी सुरू होऊन आता बरेच दिवस झाले. पानथरी जागेवर गेली. भाकरी चारवर आली, म्हणजे दोन. दर तीन महिन्यांनी तपासणी असते, आणि त्या दिवशी नांदेडच्या त्या बाकावर मी आजही फरश्या मोजतो. उभ्या, आडव्या, तिरक्या. भीती आजही आहे. ती घालवायची गोळी अजून निघालेली नाही. कॉलेजातल्या त्या चौकटीत मी परत खूण केली नाही. इतिहासाच्या सरांचे फोन पुन्हा सुरू झालेत. येऊ देत.

पहिल्या दिवशी दवाखान्यातल्या औषधाच्या दुकानात गोळ्यांचं पाकीट काउंटरवर आलं, तेव्हा मी हात पुढं करण्याआधी शकुंतलेनं ते उचललं. उलटं केलं. चष्मा वर सरकवून कडेचे बारीक आकडे वाचले.

"दोन वर्षं हाय अजून," ती म्हणाली.

ती गोळीबद्दल बोलत होती. पण हा आकडा तेवढा निम्मा करू नका.